असता-नसता: नागपूरच्या इतिहासातून इंग्रजीचं जर-तर

मंडळी, या वीकेंडला फक्त एक वाक्य घेऊया.

"रघुजी भोसल्यांनी मरण्याआधी दत्तक घेतला असता, तर नागपूरचं राज्य खालसा झालं नसतं."

आता याचं इंग्रजी करा बघू. मनातल्या मनात, आणि गूगलला न विचारता! बऱ्याच जणांची गाडी 'इफ रघुजी' पर्यंत सुसाट जाते आणि मग 'हॅड' की 'वुड हॅव' या सिग्नलला थांबते. बरोबर वाक्य असं: "इफ रघुजी हॅड अडॉप्टेड अ सन बिफोर हिज डेथ, नागपूर वुड नॉट हॅव बीन अनेक्स्ड." हॅड, वुड, हॅव, बीन. क्रियापदं दोन आणि त्यांच्या दिमतीला मदतनीस चार. एवढा लवाजमा तर खुद्द भोसल्यांच्या वाड्यातही शेवटी शेवटी उरला नसेल :-)

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात याला थर्ड कंडिशनल म्हणतात. आपल्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या पोरांची सगळ्यात जास्त भंबेरी इथेच उडते. पण माझं म्हणणं असं आहे की हे व्याकरणाचं प्रकरण कमी आणि इतिहासाचं जास्त आहे. जे घडलं नाही त्याबद्दल बोलायची ही भाषा. आणि वरचं वाक्य व्याकरणात पैकीच्या पैकी असलं तरी इतिहासात नापास आहे. कसं ते पुढे सांगतो.

आधी तक्ता

महिन्यातून दोनेक वेळा मी खापरखेड्याला घरी असतो, तेव्हा कॉलनीतल्या पाच-सहा पोरांना इंग्रजी शिकवतो. सगळे कॉलेजातले किंवा नुकते कॉलेज संपलेले. प्रत्येकाच्या वहीत एक तक्ता असतोच: झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड. समोर सूत्रं लिहिलेली, रसायनशास्त्रासारखी. 'इफ अधिक पास्ट परफेक्ट, वुड हॅव अधिक पास्ट पार्टिसिपल'. सूत्र पाठ आहे, वाक्य मात्र येत नाही.

खापरखेड्याला राहणाऱ्याला हा तक्ता पुस्तकातून शिकायची खरं तर गरजच नाही. गावाच्या डोक्यावर अख्खं औष्णिक वीज केंद्र उभं आहे. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, एकूण १३४० मेगावॅट. चारही प्रकार त्या चिमण्यांखाली नांदतात.

झिरो: पाणी तापवलं तर उकळतं. नेहमीचं सत्य, दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. पुस्तकातलं लाडकं उदाहरण म्हणजे 'पाणी १०० अंशांना तापवलं तर उकळतं'. आता गंमत बघा. २१० मेगावॅटच्या संचाच्या बॉयलर ड्रममध्ये दाब हवेच्या दाबाच्या दीडशे पटींच्या आसपास असतो आणि तिथे पाणी उकळायला ३४० अंशांच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे 'नेहमीच्या सत्या'तही एक 'जर' लपलेला असतो: जर दाब नेहमीचा असेल तर.

फर्स्ट: ड्रममधली पाण्याची पातळी ठरलेल्या रेषेखाली गेली तर बॉयलर ट्रिप होईल. अजून झालेलं नाही, पण होऊ शकतं. इफ सोबत वर्तमानकाळ, पुढे विल. कंट्रोल रूममधली सगळी इंटरलॉक्स म्हणजे फर्स्ट कंडिशनलच. आम्ही दिवसभर लिहितो तो इफ-एल्सही याच घरातला.

सेकंड: इथे कोळसा नसता तर हे केंद्रही नसतं. कोळसा आहे, म्हणजे वाक्य कल्पनेतलं, पण आजच्या घडीबद्दलचं. इफ सोबत भूतकाळाचं रूप, पुढे वुड. इथे भूतकाळाचं रूप काळ दाखवत नाही, वस्तुस्थितीपासूनचं अंतर दाखवतं. हे एक वाक्य कळलं की अर्धी लढाई जिंकली.

थर्ड: पातळी वेळेत लक्षात आली असती तर संच ट्रिप झाला नसता. झालं ते झालं. आता रिपोर्ट लिहायचा. आमच्या धंद्यात याला रूट कॉज अॅनालिसिस म्हणतात. सर्व्हर रात्री तीनला पडतो आणि सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये सगळे जण 'हॅड' आणि 'वुड हॅव' वर येतात. कोडमध्ये थर्ड कंडिशनल लिहिताच येत नाही. कोड चुकल्यावर मात्र त्याशिवाय बोलता येत नाही!

मराठीत हे आधीपासून होतं

आता कुणी म्हणेल की हे सगळं इंग्रजांचं, आपल्याला कसं जमणार. छे! मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाने हे चारही प्रकार निबंधात कोळून प्यायलेले असतात. 'मी पंतप्रधान झालो तर' हा फर्स्ट. (आठवीतल्या पोराला ही शक्यता खरीच वाटते, वाटू द्या.) 'मला पंख असते तर', 'परीक्षा नसत्या तर' हे सेकंड. आणि घरी निकाल दाखवताना 'अजून दोन मार्क मिळाले असते तर फर्स्ट क्लास आला असता' हा अगदी अस्सल थर्ड.

आपल्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यातला संकेतार्थ म्हणजेच हे जर-तर. पूर्वीच्या मराठीत 'पाऊस पडता तर पीक येते' अशी आटोपशीर रचना होती. आज आपण 'पडला असता तर आलं असतं' म्हणतो. 'असता' हा एकच मोहरा, पण केवढं काम करतो!

आणि अडचण नेमकी तिथेच आहे. हे वाक्य बघा: "माझ्याकडे पैसे असते तर मी गाडी घेतली असती." हे आजचं आहे की दहा वर्षांपूर्वीचं? मराठीत दोन्ही चालतं. शोरूमसमोर उभा राहून आज म्हणालात तरी हेच, आणि दहा वर्षांपूर्वीच्या हुकलेल्या सौद्याबद्दल म्हणालात तरी हेच. ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजी मात्र सोडत नाही. 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय' म्हणजे आजची गोष्ट, पैसे आले तर अजूनही घेईन. 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट' म्हणजे संपलेली गोष्ट.

थोडक्यात काय, तर मराठीचं 'असता' नुसतं सांगतं की दार बंद आहे. इंग्रजी विचारतं, आत्ता बंद आहे की तेव्हाच कायमचं बंद झालं? आपली पोरं अडखळतात ती या प्रश्नापाशी, सूत्रापाशी नाही. कारण हा प्रश्न आपल्याला आपल्या भाषेने कधी विचारलेलाच नसतो.

साहेब मराठी शिकला, आपण इंग्रजी

हा व्यवहार एकतर्फी नव्हता बरं का. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम कॅरीने मराठीचं व्याकरण इंग्रजीत छापलं. म्हणजे तेव्हा आपलं 'असता' पाठ करायची पाळी साहेबाची होती. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं. ते लिहिताना दादोबांसमोर इंग्रजी व्याकरणांचा नमुना होता. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. ते आजही जाडजूड आणि आजही कामाचं.

हे बरंचसं मुंबई-पुण्याकडचं. आमच्या नागपुरात इंग्रजी शिक्षण आणलं ते स्टीफन हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने. १८४६ साली त्याने शाळा काढली, तेव्हा नागपूर अजून भोसल्यांचं होतं. त्याच शाळेचं पुढे, १८८३ मध्ये, कॉलेज झालं. नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेज माहीत असतं, हिस्लॉप हा माणूस फारसा माहीत नसतो.

या माणसाला दगडांचा नाद होता. शाळा आणि धर्मप्रचार सांभाळून तो नागपूरच्या आजूबाजूला जीवाश्म गोळा करत हिंडायचा. त्याच्या जागांमध्ये कामठी आहे आणि सिलेवाडाही आहे. सिलेवाडा म्हणजे आमच्या खापरखेड्याच्या शेजारचंच. तिथल्या खडकांत त्याला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या पानांचे ठसे मिळाले. ज्या काळातल्या जंगलांचा कोळसा झाला, त्याच गोंडवन काळातली ही झाडं. भूशास्त्रात त्या खडकांच्या एका थराला आजही कामठीचंच नाव आहे. आज सिलेवाड्याला कोळशाची खाण आहे. म्हणजे नागपूरला ज्याने इंग्रजी शिकवलं, तोच खापरखेड्याच्या शेजारच्या खडकांत जुनी जंगलं वाचत फिरत होता.

शेवटही चटका लावणारा. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं उकरून बघून परत येताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. मध्य प्रांतातल्या आदिवासींबद्दल त्याने जमवलेले कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापून काढले. "त्या संध्याकाळी पाणी चढलं नसतं तर हिस्लॉपनेच ते पुस्तक पूर्ण केलं असतं." करा याचं इंग्रजी. 'हॅड नॉट रिझन', 'वुड हॅव फिनिश्ड'. बघा, सूत्र न आठवता जमतं, कारण गोष्ट माहीत आहे.

तर्खडकर आणि सुभेदारांचा मुलगा

मराठी माणसाने इंग्रजी वाक्य घडवायला शिकायचं म्हणजे पूर्वी एकच नाव होतं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. हे तर्खडकर म्हणजे दादोबा नव्हेत, हे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. म्हणजे एका आडनावाने मराठीला मराठी व्याकरणही दिलं आणि इंग्रजीही. पाठमालेची रीत सरळ होती. नियम थोडक्यात सांगायचा, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचं मराठी. पुन्हा पुन्हा, हात बसेपर्यंत. आजच्या शिक्षणतज्ज्ञांना ही पद्धत आवडत नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती: प्रत्येक वाक्याला अर्थ होता आणि तो अर्थ आधी मराठीत डोक्यात उतरलेला असायचा.

या पाठमालेचा सगळ्यात मोठा विद्यार्थी कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वडिलांनी, म्हणजे रामजी सुभेदारांनी, लहानपणी त्यांच्याकडून तर्खडकरांची पुस्तकं आणि हॉवर्डची इंग्रजी क्रमिक पुस्तकं घोटून घेतली, असं त्यांच्या चरित्रात येतं. एका सैनिकी नोकरीतल्या बापाने पोराच्या इंग्रजीचा ध्यास घेतला होता.

आता त्या पोराचं पुढचं एक वाक्य बघू. २५ नोव्हेंबर १९४९, संविधान सभा. राज्यघटना तयार झालेली आहे आणि बाबासाहेबांचं शेवटचं मोठं भाषण चालू आहे. आधी ते इतिहास सांगतात, फितुरीमुळे हा देश कसा कसा हातचा गेला ते. मग इशारा देतात की पक्षांनी आपापलं मत देशापेक्षा मोठं मानलं तर स्वातंत्र्य दुसऱ्यांदा धोक्यात येईल. इथे इंग्रजीत त्यांनी काय वापरलं असेल? 'वुड' नाही. 'विल'. फर्स्ट कंडिशनल.

हा फरक बारीक आहे, पण त्यात सगळं आहे. 'वुड' म्हटलं असतं तर अर्थ झाला असता की कल्पना करून बघा, तसं काही होणार नाही म्हणा. 'विल' म्हटल्यावर अर्थ होतो की हे खरंच होऊ शकतं, दार उघडं आहे, सांभाळा. कॉन्फरन्स कॉलवर आपण विल आणि वुड आलटून पालटून फेकतो, पण इतिहासातलं एक मोठं वाक्य या एका शब्दावर उभं आहे.

आता नापास वाक्याकडे

चला, रघुजींकडे परत. "दत्तक घेतला असता तर नागपूर खालसा झालं नसतं." नागपुरात हे वाक्य बरेचदा ऐकू येतं. महालातून फिरताना तर हमखास.

घटना अशी. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले. औरस मुलगा नाही, दत्तक घेतलेला नाही. गव्हर्नर जनरल होता डलहौसी. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. म्हणजे दत्तक नव्हता म्हणून राज्य गेलं. सरळ हिशेब. पण कुठलंही थर्ड कंडिशनल तपासायचं असेल तर एक युक्ती आहे: जिथे ती अट पूर्ण झाली होती अशी दुसरी केस शोधायची. आम्ही बग शोधताना हेच करतो. तोच इनपुट, एकच गोष्ट बदललेली.

अशी केस शोधायला लांब जावं लागत नाही. झाशी. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला वारले, म्हणजे रघुजींच्या आधी जेमतेम तीन आठवडे. त्यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला होता. झाशी वाचली का? नाही. तीही १८५४ मध्येच खालसा. त्याआधी सातारा. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी तथा आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला, तरी राज्य गेलं. आणि साताऱ्याच्या १८१९ च्या तहात तर 'वारस आणि उत्तराधिकारी' असे शब्द स्पष्ट होते. त्या साताऱ्याच्या गादीसाठी, आधी पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांच्या बाजूने, रंगो बापूजी १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये झगडत राहिले. परक्या भाषेच्या मुलखात अर्ज, विनंत्या, पत्रकं. तेरा-चौदा वर्षं. ऐकलं कुणी नाही.

म्हणजे दत्तक घेतला असता तरी नागपूर बहुतेक गेलंच असतं. आपलं वाक्य नापास.

मग कुठली अट बदलली असती तर निकाल बदलला असता? आता उलटी केस शोधू, जिथे दत्तक मान्य झाला. राजस्थानातलं करौली. तिथला राजा १८५२ मध्ये वारला, तिथेही दत्तकाचाच प्रश्न. डलहौसीला तेही राज्य हवं होतं. पण लंडनच्या संचालकांनी नाही म्हटलं. कारण काय, तर करौली हे कंपनीचं आश्रित नाही, ते जुनं, संरक्षणाखालचं मित्रराज्य आहे. फरक दत्तकाचा नव्हताच, राज्याच्या दर्जाचा होता.

नागपूरचा दर्जा ठरला होता तो आधीच. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले हरले, आणि १८१८ मध्ये लहानग्या रघुजींना कंपनीने गादीवर बसवलं. डलहौसीचा युक्तिवाद हाच: हे राज्य आम्ही दिलं होतं, देणाऱ्याकडे परत आलं. शिवाय नागपूरच्या कापसाकडेही कंपनीचा डोळा होता, ते वेगळंच. म्हणजे खरं वाक्य असं काहीतरी होईल: "सीताबर्डीची लढाई भोसले हरले नसते, तर १८५४ मध्ये नागपूर इतक्या सहज खालसा झालं नसतं." वारसाच्या प्रश्नाचं उत्तर वारस जन्मायच्या कितीतरी आधी, एका टेकडीवर ठरून गेलं होतं.

अजून एक बघा. १८५८ मध्ये राणीचा जाहीरनामा आला आणि संस्थानं खालसा करायचं धोरण सोडून दिलं गेलं. म्हणजे "रघुजी आणखी पाच वर्षं जगले असते तर राज्य वाचलं असतं"? वाटतं खरं तसं. पण धोरण बदललं ते १८५७ च्या उठावामुळे, आणि उठाव पेटायच्या अनेक कारणांपैकी एक कारण झाशी-नागपूरसारखी राज्यं गिळली जाणं हेच होतं. म्हणजे एक 'असतं' बदललं की दुसऱ्या 'असतं'च्या पायाखालची वीट सरकते. इतिहासात एकच ओळ बदलून बाकीचा प्रोग्राम तसाच चालत नाही, राजा!

माझ्या पोरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या तासाला तक्ता कुणी उघडलाच नाही. झाशीवरून वाद झाला, करौली कुठे आहे यावरून फोन निघाले, आणि वादात 'वुड हॅव' पन्नास वेळा आलं. चुकतमाकत, पण आलं. कारण काहीतरी म्हणायचं होतं.

सूत्रांचा जमाना

सूत्रं आली कुठून? आपल्याकडच्या घराघरात लाल मुखपृष्ठाचं ते पुस्तक असतं ना, रेन आणि मार्टिन. १९३० च्या दशकातलं. त्यातला रेन म्हणजे पी. सी. रेन, हा भारतात शिक्षणखात्यात नोकरी केलेला गृहस्थ आणि १९२४ ची 'बो जेस्ट' ही गाजलेली साहसकथा याचीच. मूळ पुस्तक लिहिलं होतं ते इथल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून. म्हणजे ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जातं अशा मुलांसाठी! त्या मुलांना गोष्ट माहीत होती, नियम हवा होता. आपल्याकडे नियम पोचला आणि गोष्ट वाटेतच राहिली.

नंतर धोरणं बदलत गेली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी पाचवीपासून असायचं. माझी पिढी पहिलीपासूनवाली. 'ए फॉर अॅपल' चार वर्षं आधी आलं हे खरं, पण रिकाम्या जागा भरा त्याच राहिल्या. "इफ ही ____ (वर्क) हार्ड, ही वुड हॅव पास्ड." हा 'ही' कोण, त्याने अभ्यास का केला नाही, नापास झाल्यावर त्याचं काय झालं, काही पत्ता नाही. ज्याच्याबद्दल काडीचीही आस्था नाही अशा माणसाच्या हुकलेल्या संधीवर क्रियापद बसवायचं. कसं बसणार?

खरी गोची

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला ते.

आमच्याकडे, म्हणजे खापरखेडा, वलनी, सिलेवाडा या पट्ट्यात, पोरांच्या तोंडी एक वाक्य सारखं येतं. नागपुरी थाटात: "मले इंग्लिश येत असतं ना दादा, तर पुण्यात नोकरी लागली असती." म्हणणारा बावीस वर्षांचा असतो. बाप केंद्रात कंत्राटावर किंवा खाणीत. पोरगा डिप्लोमा झालेला, हाताने हुशार, मोटार उघडून परत बसवेल असा.

मराठीत हे वाक्य ऐकलं की आपण मान हलवतो आणि पुढे जातो. मी त्याला म्हटलं, याचं इंग्रजी कर. आणि तिथे तो थांबला. कारण त्याला ठरवावं लागलं. 'इफ आय न्यू इंग्लिश, आय वुड गेट अ जॉब'? की 'इफ आय हॅड नोन इंग्लिश, आय वुड हॅव गॉट अ जॉब'? पहिल्यात फक्त आजची अडचण आहे. दुसऱ्यात निकाल लागून गेलेला आहे.

व्याकरणाने दोन्ही बरोबर. त्याने बराच विचार केला आणि दुसरं लिहिलं. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "गेला ना दादा चान्स. दोन इंटरव्ह्यू झाले." बावीस वर्षांच्या पोराने स्वतःला पास्ट परफेक्टमध्ये टाकलं होतं!

मला राग त्याचा नाही आला. ही सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. नागपूर खालसा झालं ते दत्तक नव्हता म्हणून, नोकरी गेली ती इंग्रजी नव्हतं म्हणून. एकच कारण, एकच अट, आणि दार कायमचं बंद. पण झाशीची युक्ती इथेही लावून बघा. इंग्रजी फाडफाड येणारे किती जण पुण्यात बेकार आहेत? आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीवर आमच्या ऑफिसात चांगले टिकलेले किती? दोन्ही भरपूर. म्हणजे 'इंग्रजी आलं असतं तर' हे वाक्यही तपासल्याशिवाय पास करू नये. इंग्रजी उपयोगी आहे, प्रश्नच नाही, मी स्वतः त्यावर पोट भरतो. पण ते एकमेव कारण आहे का, हे वेगळं विचारायला हवं. कुणाची ओळख होती, कोण कुठल्या शहरात आधीपासून राहत होतं, इंटरव्ह्यूला जायचं भाडं कुणाकडे होतं, हेही 'जर' आहेतच. काही दारं सीताबर्डीसारखी, आपण जन्मायच्या आधीच ठरलेली असतात. ती ओळखावी, आणि त्यांचा दोष स्वतःच्या नावावर लिहू नये. बाकीची मात्र अजून फर्स्ट कंडिशनलमध्ये आहेत.

तेव्हा जर-तर शिकायचं असेल, किंवा कुणाला शिकवायचं असेल, तर माझ्या मते सूत्राची वही काही दिवस कपाटात ठेवावी आणि तीन गोष्टी कराव्यात.

एक, आपल्या गावच्या इतिहासातली एक घटना घ्यावी आणि तिच्यावर तीन थर्ड कंडिशनल लिहावीत. मग प्रत्येकासाठी एक झाशी आणि एक करौली शोधावी. इंग्रजी सुधारेल आणि गप्पांमध्ये भावही वधारेल.

दोन, मराठीत 'असता' आलं की थांबून विचारावं: आजचं की तेव्हाचं? उत्तर आलं की काळ आपोआप ठरतो.

तीन, स्वतःबद्दलचं प्रत्येक 'असतं तर' एकदा इंग्रजीत करून बघावं. 'हॅड' लिहायच्या आधी 'न्यू' लिहून पाहावं, आणि जमलं तर सरळ 'इफ आय लर्न, आय विल'. व्याकरणात एका शब्दाचा फरक आहे. बाबासाहेबांनी अख्ख्या देशाबद्दल बोलताना 'विल' वापरलं, आपण निदान स्वतःबद्दल तरी वापरून बघू.

असो. लेख लांबला. चहा गार झाला असेल तर पुन्हा गरम करा. (झिरो की फर्स्ट? सांगा बघू!)